मांजर आडवं गेल्यावर

सासूबाईंशी माझं कधी भांडण झालं नाही असं सांगणाऱ्या बायकांवर माझा विश्वास नाही. माझी भरपूर झाली. त्यांतली निम्मी एका काळ्या मांजरावरून झाली, आणि बारा वर्षांच्या संसारात मला सासूबाईंबद्दल जे कळलं नव्हतं ते त्याच मांजरापायी कळलं.

दोन हजार सालानंतरच्या पहिल्या चार-पाच वर्षांतली ही गोष्ट. आम्ही सिंगापूरला बुकित बातोकमध्ये भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचो. मी, नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी. घर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट तळमजल्यावरून निघाली की थेट पाचव्या मजल्यावर थांबायची, त्यामुळे आमची चढ-उतार जिन्यानंच. त्या वर्षी दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात होती. सासूबाई दसऱ्याच्या आधीच पुण्याहून आल्या. सासरे जाऊन तीन वर्षं झाली होती, त्यामुळे घाईनं परत जायचं काही कारण नव्हतं. येताना त्यांनी बॅगेतून भाजणी आणली, मेतकूट आणलं, आणि शनिवारी नखं काढू नयेत, तिन्हीसांजेला केर काढू नये वगैरे सगळं शास्त्र आणलं. मी यावर काही बोलायचं नाही असं ठरवलं होतं. दोन दिवस टिकलं ते.

ब्लॉकखाली, म्हणजे इमारतीखाली, खांबांमधली मोकळी जागा असते, तिला तिथं व्हॉइड डेक म्हणतात. लग्नं तिथंच, मयतही तिथंच. आमच्या व्हॉइड डेकवर एक मांजर होतं, नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत काळं. आमच्या खालच्या मजल्यावर एक म्हातारं चिनी जोडपं राहायचं. तिथल्या रीतीप्रमाणे आम्ही त्यांना अंकल आणि आंटी म्हणायचो. अंकल रोज सकाळी पांढरा बनियन आणि अर्धी चड्डी घालून, बशीत भात-मासळी कालवून खाली यायचे आणि मांजर खाऊन होईपर्यंत शेजारी उकिडवे बसायचे. मी ऑफिसला जाताना ते मान हलवायचे, मीही हलवायचे. तीन वर्षांत आमचं बोलणं एवढंच.

दसऱ्याला आम्ही लिटिल इंडियातल्या देवळात निघालो होतो. जिना उतरलो आणि ते मांजर टपालपेट्यांकडून निघून, आमच्या समोरून, अगदी सावकाश पलीकडे गेलं. सासूबाई जागच्या जागी थांबल्या.

"आडवं गेलं. आता कुणीतरी आधी जाऊ दे," त्या म्हणाल्या.

"मी जाते की."

"तू नको. आधी जाईल त्याला लागतं ते. घरचं माणूस नको."

"अहो आई, माझा विश्वासच नाही. मला कसं लागेल?"

"विजेवर विश्वास नाही म्हणून शॉक बसायचा राहतो का?"

माझ्या नाकावर कायम राग, आणि त्यात बस डोळ्यांदेखत निघून गेली. शेवटी अंकल आले, हातात बशी घेऊन. आम्हाला पाहून हसले, मान हलवली आणि मांजर गेलं होतं तिथूनच पुढं गेले. "चला," सासूबाई म्हणाल्या. एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, मी त्यांच्याशी एक अक्षर बोलले नाही. त्यांनी मात्र पूर्ण वेळ मुलीला दसऱ्याची गोष्ट सांगितली, जसं काही झालंच नव्हतं.

दोन आठवड्यांनी एके सकाळी खाली पाहिलं तर व्हॉइड डेकला कापडाचे पडदे लागलेले, गोल टेबलं मांडलेली. अंकल आदल्या रात्री गेले होते. हृदयाचं दुखणं जुनंच होतं आणि वय ऐंशीच्या घरात होतं. आमच्यासारखं लगेच नेत नाहीत तिथं. पाच दिवस शवपेटी खाली राहणार होती आणि एक नोव्हेंबरला सकाळी अंत्ययात्रा निघणार होती.

मी हे सांगितलं तेव्हा सासूबाई लसूण सोलत होत्या. हातातली पाकळी तशीच धरून म्हणाल्या, "त्या दिवशी ते माझ्या आधी गेले."

मला हसू आलं, आणि ते मी लपवलंही नाही. "आई, त्यांचं वय तर बघा."

"वय कळतं मला. मी उभी राहिले आणि त्यांना जाऊ दिलं."

लसूण सोलून झाला, भाजी झाली, पण त्या जेवल्या मात्र नाहीत. मला वाटलं, उगीच मनाला लावून घेतात. माझ्या दृष्टीनं विषय तिथं संपला.

त्याच संध्याकाळी दार वाजलं. दारात आंटी. पांढरा सदरा, काळी विजार, आणि बाजाराला नेतात ती दोन चाकांची ट्रॉली, तीवर टॉवेल टाकलेला. टॉवेल हलत होता.

आंटींचं इंग्रजी तुटकं आणि माझं त्यांच्यापुढं आणखीच तुटायचं. पण मुद्दा कळला. आमच्या ब्लॉकसमोर रस्त्यापलीकडे एक कॉन्डो होता, महागडी खाजगी सोसायटी, त्यात परदेशी कुटुंबं बरीच. तिथली मुलं दरवर्षी एकतीस ऑक्टोबरला हॅलोविन करायची, भुतांचे वेष घालून चॉकलेटं मागत हिंडायची. हॉलमध्ये भुताचं घर मांडायची आणि त्यात खरं काळं मांजर हवं म्हणून हटून बसायची. मागच्या वर्षी कुणीतरी हे मांजर उचलून नेलं, खोक्यात घालून टेबलाखाली ठेवलं, वर मेणबत्त्या. दोन दिवसांनी परत आलं तेव्हा शेपटीचे केस जळलेले आणि महिनाभर ते अंकलखेरीज कुणाच्या जवळ जाईना. या वर्षी तो आठवडा मांजराला घरात ठेवायचं असं अंकलनी ठरवलं होतं. घरात मांजर पाळायला बंदी होती तरी. त्यांनी आंटींकडून तसं कबूल करून घेतलं होतं. आता अंकल खाली पेटीत आणि घर नातेवाइकांनी भरलेलं. मुलगा म्हणत होता, मांजर इथं दिसलं तर पकडून नेणाऱ्यांना बोलावतो.

"मुलाला काय त्रास आहे त्याचा?" सासूबाईंनी विचारलं.

मुलीनं आंटींचं ऐकून सांगितलं, "आजी, त्यांच्यात असं असतं. काळं मांजर त्या बॉक्सवरून जम्प झालं तर मेलेला माणूस उठून बसतो."

सासूबाई म्हणाल्या, "उठून बसले तर बरंच की. आपल्याला हवेच आहेत." मग म्हणाल्या, "ठेवा म्हणावं इथं."

मी आ वासून बघत राहिले. दोन आठवड्यांपूर्वी ज्या मांजरापायी माझी बस चुकवली, ते मांजर आता माझ्याच घरात. नवरा ऑफिसमधून आला आणि त्यानं कपाळाला हात लावला. घर भाड्याचं, मांजराला बंदी, घरमालकाला कळलं तर, आणि पीआरचा, म्हणजे कायम राहायच्या परवान्याचा, अर्ज नुकताच टाकलेला. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"मांजराच्या जिवाचं काही बरंवाईट झालं तर काशीला सोन्याचं मांजर द्यावं लागतं," त्या त्याला म्हणाल्या. "देशील? मग गप्प बस. नवरा गेलेल्या बाईला या दिवसांत कुणी जेवलीस का म्हणूनही विचारत नाही. ती एक मांजर सांभाळा म्हणतेय."

सासरे गेल्यापासूनच्या तिन्ही वर्षांत त्यांनी स्वतःबद्दल यातलं काही काढलं नव्हतं. नवरा मांजरासाठी जुनी वर्तमानपत्रं शोधायला गेला.

पुढचे चार दिवस घरात जे चाललं होतं ते बघायला तिकीट लावायला हवं होतं. सासूबाईंनी जन्मात मासळी शिवलेली नव्हती. आंटींनी डब्यातून उकडलेली मासळी दिली होती. ती त्या पदर नाकाला लावून, लांब हात करून बशीत वाढायच्या आणि मग डाळीच्या पिठानं तीनदा हात धुवायच्या. मी वाढते म्हटलं तर म्हणाल्या, "तुझ्या हातून घाईत काटे राहतील." मांजर हॉलमध्ये त्यांच्यासमोरून गेलं की त्या जागेवर बसून राहायच्या, ते आलं तसं परत जाईपर्यंत. एकदा कढईत करंज्या लाल होत असताना त्या झारा हातात धरून थांबल्या होत्या आणि मांजर दारात अंग चाटत बसलेलं. "जा रे बाबा मागं," त्या अगदी अजीजीनं त्याला सांगत होत्या. करंज्या मी काढल्या आणि जे बोलायचं ते बोलून घेतलं.

त्यांनी जुन्या छत्रीच्या कापडाची एक काळी बाहुली केली आणि लिंबू-मिरचीबरोबर दारावर टांगली. घराला आणि मांजराला दोघांनाही दृष्ट नको म्हणून.

"काळं मांजर अपशकुनी आणि काळी बाहुली राखणदार, हे कसं हो?" मी विचारलं.

"ते मांजर आहे, ही बाहुली आहे," त्या म्हणाल्या. पण प्रश्न त्यांच्या डोक्यात राहिला असावा, कारण दुपारी ते मांजर पहिल्यांदा त्यांच्या मांडीवर येऊन बसलं तेव्हा त्या त्याच्याकडे बराच वेळ बघत होत्या. "आपण पोराला गालाला एवढीशी तीट लावतो," त्या म्हणाल्या, "याला देवानं सगळं अंगच तीट करून पाठवलंय." मला हे इतकं आवडलं की मी भांडायचं विसरले.

एकतीस तारखेला संध्याकाळी सात वाजता बेल वाजली. सासूबाई चकल्या पाडत होत्या. दार उघडलं तर कॉरिडॉरमध्ये सात-आठ मुलं. कुणाच्या तोंडावर कवटी रंगवलेली, कुणाला सुळे, दोघी टोकदार टोप्या घालून चेटकिणी झालेल्या. कॉन्डोतली ही मुलं आमच्या ब्लॉकमध्ये कधी यायची नाहीत. पण त्यांना खालून आमच्या दारावरची काळी बाहुली दिसली होती, खाली मिरच्या टांगलेल्या. अख्ख्या ब्लॉकमध्ये हॅलोविन साजरं करणारं एकच घर, असं समजून ती आनंदानं वर आली होती. "आंटी, सो रिअल," एक मुलगी बाहुलीला हात लावून म्हणाली. मांजर राखायला म्हणून जी टांगली तिनंच त्यांना दारापर्यंत आणलं होतं.

आणि तेवढ्यात मांजर सोफ्याच्या पाठीवर येऊन बसलं.

त्यांतला सगळ्यात उंच, चौदा-पंधराचा असेल, तो म्हणाला, "हे तर मागच्या वर्षीचंच. आंटी, अर्धा तास देता का? परत आणून देऊ." बाकीची मुलं त्याला दुजोरा द्यायला लागली. मी एरवी कुणाला ऐकून घेणारी नाही, पण त्या क्षणी मी हिशेब करायला लागले. नाही म्हटलं आणि यांनी घरी जाऊन सांगितलं की त्या घरात मांजर आहे, तर? पीआरचा अर्ज माझ्या डोळ्यांसमोर फिरायला लागला. मुलीनं आजीला सांगितलं की मांजर मागताहेत.

सासूबाई उठून आत गेल्या आणि मुठीत मीठ, मोहऱ्या आणि लाल मिरच्या घेऊन आल्या. सगळ्यांना रांगेत उभं केलं. त्यांना एक शब्द इंग्रजी येत नव्हतं, पण मुलं निमूट उभी राहिली. मग त्यांनी एकेकावरून मूठ उतरवली, तोंडानं पुटपुटत, डोक्यापासून पायापर्यंत, अगदी मन लावून. जाऊन ती मूठ तापलेल्या तव्यावर टाकली. मिरच्यांचा धूर हॉलमध्ये आला आणि कवटी, सुळे, चेटकिणी सगळे खोकत, डोळे पुसत जिन्यानं धूम पळाले. "रिअल वन, लाह," एक जण खालून सिंगापुरी हेल काढून ओरडला. एक टोपी आमच्या दारातच राहिली.

"अगं, चकली घेतलीच नाही कुणी," सासूबाई म्हणाल्या.

"मुद्दाम केलंत ना?"

"मुद्दाम काय? तिन्हीसांजेची असली सोंगं घेऊन हिंडतात पोरं, कुणी दृष्ट तरी काढतं का त्यांची." मग समाधानानं म्हणाल्या, "ठसका लागला सगळ्यांना. ठसका लागला म्हणजे दृष्ट नव्हती. चांगली आहेत पोरं."

त्या खरंच तसं म्हणत होत्या की मला बनवत होत्या, हे मला आजही सांगता येणार नाही. मांजर मात्र वाचलं होतं. आता फक्त सकाळ निभवायची होती.

सकाळी अंत्ययात्रा निघाली तेव्हा आम्ही कॉरिडॉरच्या कठड्याशी उभे होतो. सासूबाईंच्या कडेवर मांजर, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं. त्यालाही शेवटचं बघू दे, असं त्या म्हणाल्या होत्या. जिन्याकडे जायची वाट मोकळी होती, घरातूनच खिडकीतून बघू असं मला सुचायला हवं होतं, सुचलं नाही. शवपेटी गाडीत चढली, गाडी दहा-बारा हात पुढं सरकली, आणि मागं चालायला आंटी पहिल्या उभ्या राहिल्या, त्यांच्या मागं मुलगा, सून, नातवंडं. एकदम झांजा आणि ढोल वाजले. मांजर दचकून साडीतून सुटलं आणि जिन्यानं खाली गेलं.

मी धावले. सासूबाई माझ्या मागं, गुडघे दुखत असतानाही, अनवाणी. आम्ही खाली पोचलो तेव्हा मांजर गाडी आणि आंटी यांच्यामधून, आंटींच्या पावलांच्या अगदी पुढून, सरळ आडवं पलीकडे गेलं आणि दगडी टेबलाखाली शिरलं, अंकल बशी ठेवायचे तिथं.

सगळे थांबले. ढोल बंद पडला. मुलगा चिडून काहीतरी बोलला आणि त्यानं दोघांना टेबलाच्या दिशेनं हात केला. आंटी हलल्याच नाहीत. नवऱ्याची गाडी पुढं जात होती आणि त्यांचा पाय उचलत नव्हता. त्यांच्यात मांजर आडवं जाण्याचं काय मानतात मला माहीत नाही, पण आंटींच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी दसऱ्याला सासूबाईंच्या चेहऱ्यावर बघितलं होतं.

मला वाटलं, आता आपणच जावं. माझा विश्वास नाही, माझं काय जातंय. मी पाऊल उचललं आणि सासूबाईंनी माझं मनगट धरलं.

"थांब. आधी मी जाते."

त्यांनी पदर डोक्यावरून घेतला, चकलीचं सकाळी मळलेलं पीठ अजून नखांत होतं, आणि आंटींच्या पुढं जाऊन मांजर गेलं होतं ती वाट त्यांनी ओलांडली. पलीकडे जाऊन वळल्या आणि आंटींना हातानं खूण केली, ये. आंटी त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग आंटींनी पाऊल उचललं, मागून मुलगा आला, मागून सगळे आले, ढोल पुन्हा सुरू झाला. टेबलाकडे निघालेले दोघेही रांगेत परत आले. सासूबाई आंटींच्या बरोबर रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेल्या, तापायला लागलेल्या डांबरावर अनवाणी. मी व्हॉइड डेकमध्ये उभी राहून बघत होते. ज्या बाईला मी दोन आठवडे भोळसट समजत होते तिच्याएवढी हिंमत माझ्यात नव्हती, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. मी गेले असते तर त्यात काहीच मोठं नव्हतं. माझं खरंच काही जात नव्हतं.

संध्याकाळी आंटी स्मशानातून परतल्या आणि मांजराला स्वतः घरी घेऊन गेल्या. मुलगा पुढच्या आठवड्यात त्याच्या घरी गेला. मांजर त्यानंतर आंटींजवळच राहिलं, नियम काही का असेनात.

आमच्याकडे चकल्या तळून झाल्या, देवापाशी दिवा लावून झाला. मग सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, कधी नव्हे ते माझ्याकडे न बघता.

"माझी दृष्ट काढशील का गं?"

बारा वर्षांत त्यांनी घरातल्या प्रत्येकाची काढली होती. माझी, माझ्या बाळंतपणात रोज. त्यांची कुणी काढली होती, मला आठवेना. सकाळी किती भिऊन त्या चालत गेल्या असतील, तेही मला तेव्हा कळलं. मी त्यांना पाटावर बसवलं, मूठभर मीठ-मोहऱ्या घेतल्या, मिरच्या घेतल्या. शब्द मला अर्धवटच येत होते. आल्यागेल्याची, घरच्याची, दारच्याची, भुताखेताची, असं म्हणत मी मूठ उतरवत होते, आणि ओघात म्हणून गेले, मांजराची.

त्यांनी डोळे उघडले. "त्याचं नाव घेऊ नकोस. त्याची नाही लागली."

मी मूठ तव्यावर टाकली. असा धूर झाला की त्या पाटावर वाकून खोकायला लागल्या, मला दिसेनासं झालं, मुलगी आतून ओरडली. खोकता खोकता त्या हसायला लागल्या आणि पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "नव्हती. नव्हतीच लागली."

मिरच्या मी दुपटीनं घेतल्या होत्या. हे मी त्यांना शेवटपर्यंत सांगितलं नाही.